नानांची सही

आमच्या वेळी अर्थशास्त्रात डॉक्टर व्हायचे तर विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे तीन परीक्षा होत्या. पहिल्या वर्षाअखेर वाचनाची, मग प्रबंधाची, आणि सर्वांत शेवटी तोंडी. चौथी परीक्षा नियमांत कुठे लिहिलेली नव्हती. ती जळगावला, जुन्या गावातल्या एका दोन खणांच्या घरात होत असे, आणि तिचे परीक्षक व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे मराठी सातवीपर्यंत, शिकलेले होते. त्यांचे नाव तुळशीराम नाना.

आता हे असे कसे झाले ते सांगायचे तर आधी मुंबईच्या आमच्या मार्गदर्शकांविषयी थोडे सांगायला हवे. आम्ही विद्यार्थी त्यांना मोठे सर म्हणत असू. मोठ्या सरांनी संशोधनाची तीन वर्षे अशी आखली होती: पहिल्या वर्षी पुस्तके, दुसऱ्या वर्षी जिल्हा, तिसऱ्या वर्षी लेखन. पहिल्या वर्षी वाचायची पुस्तके त्यांनी ठरवून दिलेली असत. दर गुरुवारी दुपारी लांब टेबलाभोवती आम्ही पाच-सहाजण बसायचो. एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यातले दोष दाखवायचे. निबंध चांगला आहे असे म्हणायला बंदी होती. मी धरणगावजवळच्या खेड्यातला, घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिलाच. माझ्या तोंडून पहिले चार गुरुवार शब्द फुटला नाही. पाचव्या गुरुवारी सर म्हणाले, "खानदेश आज बोलणार आहे का?" त्या दिवशी जे बोललो ते मला आठवत नाही, पण त्यानंतर माझे नाव खानदेशच पडले.

दुसरे वर्ष लागताना सरांनी मला बोलावून एक बंद पाकीट दिले. "तुझा विषय कापसाची विक्री. तू जळगावला जा आणि हे नानांना दे. आणि लक्षात ठेव, प्रत्येक अध्यायाच्या मागे नानांची सही असल्याशिवाय मी तो वाचणार नाही."

"नाना म्हणजे प्राध्यापक आहेत का, सर?"

"नाहीत," सर म्हणाले. "महसूल खात्यात सर्कल इन्स्पेक्टर होते."

*

नाना उंच, सडसडीत, काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घालणारे. कोटाच्या खिशात घडी केलेला गोणपाटाचा तुकडा कायम असायचा. कुठल्याही गावात खाट किंवा खुर्ची पुढे आली की नाना "राहू द्या" म्हणत आणि तो तुकडा जमिनीवर पसरून त्यावर बसत. मी एकदा कारण विचारले. म्हणाले, "खाटेवर तीस वर्षं बसलो. तिथं बसणाऱ्याला लोक साहेबाला सांगायचं तेच सांगतात."

पहिल्या दिवशी त्यांनी सरांचे पत्र वाचले, घडी करून टोपीत ठेवले आणि माझी प्रश्नावली मागितली. ती मी मुंबईत महिनाभर खपून तयार केली होती. चौऱ्याऐंशी प्रश्न, चार पाने, स्वच्छ टंकलेखन. नानांना कामापुरते इंग्रजी येत होते. त्यांनी बोट ठेवून ती सबंध वाचली आणि आतल्या खोलीत हाक मारली, "अगं, इकडे ये. याला परीक्षा द्यायची आहे."

अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, हाताचे पीठ पुसत बाहेर आल्या. त्या थेट शिरपूरकडच्या, आणि अहिराणीखेरीज दुसरी भाषा बोलण्याची त्यांना गरज वाटत नसे. नानांनी त्यांना माझा सतरावा प्रश्न समजावून सांगितला: आपल्या कुटुंबास वर्षाकाठी किती तेल लागते? अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"तू कितल्या भाकरी खास रे, भाऊ, वरीसमा?"

मी मनात गुणाकार सुरू केला. घरी असताना वेगळ्या, मुंबईच्या खाणावळीत पोळ्या, एकादशीला काहीच नाही.

"काल कितल्या खाद्यात?"

"चार."

"हाई सांगता येस ना," अक्का म्हणाल्या. "मंग त्या मानसले वरीसनं कसाले इचारस?" आणि त्या आत गेल्या, कारण तव्यावर भाकरी होती.

चौऱ्याऐंशीतले एकोणतीस प्रश्न त्या दुपारी गेले. नानांनी ते खोडले नाहीत. प्रत्येक प्रश्न मला नानांनाच विचारायला लावला, आणि ते शेतकऱ्यासारखे उत्तर देत गेले. "तुम्हाला उपलब्ध बाजारपेठांची माहिती आहे काय?" असे मी विचारल्यावर त्यांनी डोके खाजवून विचारले, "व्हय म्हनू का नही म्हनू? साहेबले काय पाहिजे?" मीच तो प्रश्न काढून टाकला.

*

मोठ्या सरांची आणि नानांची ओळख कशी झाली, हे नानांनी मला नरडाण्याच्या स्टेशनवर सांगितले. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती. तीही ओळख तिथल्याच बाकावर झालेली. सर तेव्हा तरुण होते, नुकतेच परदेशातून पदवी घेऊन आलेले, आणि त्यांच्या हातात त्यांचे पहिले पुस्तक होते. शेजारी बसलेल्या सर्कल इन्स्पेक्टरला त्यांनी ते कौतुकाने दाखवले. नानांनी पाने चाळली आणि एका तक्त्यावर थांबले.

"साहेब, हा आकडा माझा आहे."

"तुमचा म्हणजे?"

"या गावाची पिकाची आणेवारी. रुपयात किती आणे पीक आलं ते ठरवायचं असतं ना, ते मी लिहिलं होतं. त्या दिवशी नाल्याला पूर होता. पलीकडे जाता आलं नाही. अलीकडे चिंचेखाली बसलो आणि मागच्या वर्षीचा आकडा एक आण्यानं कमी करून टाकला."

सरांनी तक्त्यावरचे दुसरे गाव दाखवले. नाना म्हणाले, "हे बरोबर आहे. इथं सासरे राहतात, दोन दिवस मुक्काम होता."

मी विचारले, "मग सर रागावले असतील."

"छे. तो फार हसला. मग गाडी येईपर्यंत एकेका गावाचं नाव वाचत होता आणि मी कुठलं चिंचेखालचं आणि कुठलं पाहिलेलं ते सांगत होतो. त्यानं पेन्सिलीनं खुणा केल्या. दुसऱ्या आवृत्तीत तक्ता नव्हता."

पेन्शनीत गेल्यापासून नानांनी हे काम धरले होते. त्याबद्दल कोणाकडून काही घेत नसत. सरांचा एखाददुसरा विद्यार्थी दर वर्षी येई, नानांच्या घरी जेवे आणि नानांबरोबर पायी फिरे. नानांचा पहिला नियम असा की गावात पहिल्या दिवशी वही बाहेर काढायची नाही. दुसरा, बाजाराच्या दिवशी गावात जायचे नाही, बाजारात जायचे. आणि तिसरा नियम सगळ्यांत जाचक. लिहून झालेला प्रत्येक अध्याय ज्या गावाबद्दल लिहिला त्या गावात जाऊन, त्या लोकांसमोर, त्यांच्या बोलीत वाचून दाखवायचा. ऐकून झाल्यावर नाना सही करत किंवा करत नसत.

गावकऱ्यांना आमच्या अभ्यासाची रीत ते अशी समजावत: "पहिला वरीस नांगरटी. दुसरा वरीस पेरणी-निंदणी. तिसरा वरीस येचनी. मंग मुंबईले जिनमा टाकतस, सरकी वेगळी, रुई वेगळी. आते पाहा, ह्या भाऊमा रुई कितली निंघस." असे म्हणून माझ्याकडे बोट दाखवत. लोक मला रुईच्या गासडीकडे पाहावे तसे पाहत.

पहिले तीन अध्याय असे पार पडले. जमिनीच्या अध्यायावर एका म्हाताऱ्याने हरकत घेतली की त्याच्या विहिरीला दोन भागीदार आहेत, तीन नाहीत. तिसरा भाऊ नुसता पाणी पितो. मी दुरुस्ती केली आणि नानांनी सही दिली. सही मोडीत, लफ्फेदार, खाली तारीख. मला वाटू लागले की ही परीक्षा तशी सोपीच आहे.

*

चौथा अध्याय शेवटचा आणि माझा लाडका. प्रश्न असा होता की नरडाण्याच्या आसपासच्या गावांतला शेतकरी आपला पहिल्या वेचणीचा कापूस दारावर आलेल्या व्यापाऱ्याला कमी भावात का देतो? धुळ्याच्या बाजारात भाव चढा, बाजार फार लांबही नाही. मी तीन कारणे दिली होती, आणि त्यांतले पहिले व मुख्य कारण म्हणजे अज्ञान. इंग्रजीत तो परिच्छेद फार डौलदार झाला होता. दोन जर्मन ग्रंथांचे आधार होते. गुरुवारच्या बैठकीत तो वाचला तेव्हा पहिल्यांदाच कोणाला दोष सापडला नव्हता.

वाचनाला आम्ही नरडाण्याजवळच्या एका गावी गेलो तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. मला घाई होती. नाताळच्या आत प्रबंध सादर केला तर पुण्याच्या एका महाविद्यालयातली जागा मला मिळणार असे तोंडी ठरले होते. शिष्यवृत्तीही डिसेंबरातच संपत होती. वडिलांनी गावात सांगून टाकले होते की संक्रांतीला पोऱ्या डॉक्टर होऊन येणार. त्यानंतर अजून तोंडी परीक्षा व्हायची असते, हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता.

मारुतीच्या पारावर पंधरा-वीस माणसे जमली. सुकदेव आबा मध्ये बसले होते. त्यांची बारा-पंधरा एकर कपाशी, आणि गावात त्यांच्या शब्दाला मान. उन्हाळ्यात मी त्यांच्या ओट्यावर बसून दोन दिवस माहिती घेतली होती. नाना पाराखाली गोणपाटावर बसले, माझ्या कागदांची दुसरी प्रत मांडीवर घेऊन.

मी इंग्रजी पान समोर धरून अहिराणीत सांगू लागलो. त्या परिच्छेदाशी आलो आणि अडलो. समोर सुकदेव आबा बसलेले, त्यांच्या घरी मी भरीत-भाकरी खाल्लेली. मी म्हणालो की शेतकऱ्यांना कधीकधी सगळ्या गोष्टी कळायला वेळ मिळत नाही.

"थांब," नाना म्हणाले. बोट कागदावर होते. "असं लिहिलेलं नाही."

"नाना, भावार्थ तोच आहे."

"लिहिलंय तेच वाच. मुंबईत वाचलंस तसं."

मी वाचले. शेतकरी अज्ञानी असल्यामुळे त्याला बाजारभाव कळत नाही. सवयीचा गुलाम असल्यामुळे तो बाजाराला जात नाही. मला वाटले आता कोणी उठून जाईल. कोणी उठले नाही. सुकदेव आबांनी शेजाऱ्याकडे पाहिले, शेजाऱ्याने त्यांच्याकडे, आणि दोघे हसू लागले.

"भाऊ," आबा म्हणाले, "धुयाना भाव आमले बठ्ठा मालूम शे." आणि त्यांनी गेल्या तीन बाजारांचे भाव सांगितले. माझ्याकडच्या नोंदींत तिसरा चुकीचा निघाला.

"मग तुम्ही जात का नाही, आबा?"

"गाडी लई गऊत ते तीन दिन जातस. आनि पाळी?"

"कसली पाळी?"

आता मात्र सगळेच माझ्याकडे बघू लागले. आबांनी लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. गावात कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी एकच. ती पाळीने एकेका शेतात जाते. ज्याची पाळी त्याने त्या दिवशी स्वतः शेतात हजर राहायचे, संध्याकाळी वजन करायचे, प्रत्येक बाईला तिचा कापसाचा वाटा तिथल्या तिथे द्यायचा आणि उरलेला कापूस गाडीने घरी आणायचा. मालक गाडी घेऊन धुळ्याला गेलेला असला तर बाया पुढच्या शेतात जातात. पाळी पुन्हा यायला बारा-चौदा दिवस लागतात. तोवर फुटलेली बोंडे जमिनीवर पडतात, दवाने आणि धुळीने कापूस मळतो. धुळ्याला चार पैसे जास्त मिळतात ते असे इथे शेतात सांडतात.

मी खाली पाहत होतो. माझी सारी पाहणी वैशाखात झाली होती, कारण तेव्हा लोक मोकळे असतात. वैशाखात कपाशी नसते, पाळी नसते, त्यामुळे पाळीचा प्रश्नही माझ्या कागदावर नव्हता.

नाना खालून म्हणाले, "तुझी आई वेचणीला जायची ना रे?"

"जायची. अजूनही जाते."

"तिला विचारलं होतंस?"

"नाही," मी म्हणालो. आणि मग, सवयीने, "ती माझ्या नमुन्यात नव्हती."

कोणाला ते कळले नाही. नानांनी सांगितले, "हाऊ म्हनस, मनी माय मनी यादीमा नव्हती." यावर पारावर जे हसू पिकले ते बराच वेळ थांबेना. सुकदेव आबांनी डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे भाऊ. घर जाय, मायले इचार, मंग लिख."

नानांनी कागदांची घडी करून मला परत दिली. मागचे पान कोरे होते.

*

स्टेशनच्या रस्त्याने जाताना मी फार बोललो. म्हणालो, परिच्छेद बदलतो, आजच बसून बदलतो, पाळीचे सगळे घालतो, पण सही आत्ता द्या. नाताळ जवळ आहे. नाना चालत राहिले.

"पाळी तू पाहिलीस का?"

"ऐकली ना, सगळ्यांसमोर."

"अज्ञानसुद्धा तू असंच कुठंतरी ऐकलं होतंस. वेचणी आता सुरू होते आहे. माघात संपेल. बघ आणि लिही."

"माझी पुण्याची जागा जाईल, नाना."

"जाईल," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि आग्रहही नव्हता. मला वाटले होते ते काहीतरी मोठे बोलतील, म्हणजे मला भांडता येईल. ते पुढे एवढेच म्हणाले की सही न घेता मुंबईला गेलो तरी ते मला अडवणार नाहीत आणि घरी जेवायला यायचे मी बंद करू नये.

मी सरांना पत्र लिहिले. वकिलाने लिहावे तसे चार पानी. उत्तर पोस्टकार्डावर आले. नानांच्या सहीविना अध्याय पुढे जाणार नाही. शिष्यवृत्ती वाढवून देणे माझ्या हाती नाही, याचे मला वाईट वाटते. मुद्दा नवा आहे, तो सोडू नये. ते कार्ड मी अक्कांना वाचून दाखवले. त्यांनी माझी बाजू घ्यावी अशी आशा होती. त्या म्हणाल्या, "तुना सर मानूस चांगला शे," आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मी राहिलो. आधी घरी जाऊन आईला विचारले. तिने आमच्या गावातल्या पाळीची रीत सांगितली, ती आबांच्या गावापेक्षा थोडी वेगळी होती, आणि नंतर विचारले, "हाई शिकाले मुंबईले गयथा का तू?" मग कार्तिक ते माघ मी त्या टोळीमागून शेताशेतांत फिरलो. कोणाची पाळी कधी आली, कोण हजर होते, कोणाचा कापूस पडला, सारे टिपले. बायांनी पहिले चार दिवस चेष्टा केली, मग मला वजनाच्या काट्याशी उभे केले. नाना आठवड्यातून एकदा यायचे. वही बघत नसत, बांधावर बसून त्या दिवशी काय नवे ऐकले ते विचारत. काही नवे नाही म्हटले की उठून बायांकडे जात आणि अर्ध्या तासात काहीतरी नवे घेऊन परत येत. एकदा अशानेच कळले की टोळीतल्या दोन विधवा पाळीच्या बाहेरही कोणाच्याही शेतात वेचू शकतात आणि त्यांना कोणी अडवत नाही. हे मला दोन महिन्यांत कोणी सांगितले नव्हते.

नाताळ आला आणि गेला. पुण्याची जागा दुसऱ्याला मिळाली. संक्रांतीला मी घरी गेलो तेव्हा वडील मला घेऊन गावात फिरले नाहीत, एवढे मला कळले. पुढे मी धुळ्याच्या एका हायस्कुलात दोन वर्षे मास्तरकी केली आणि रविवारी बसून प्रबंध पुरा केला. तो सादर झाला, परीक्षकांपैकी परदेशातल्या गृहस्थांनी बाकीच्या प्रबंधाबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि चौथ्या अध्यायाबद्दल दीड पान. तोंडी परीक्षेत त्याच अध्यायावर तासभर प्रश्न झाले. मला सगळ्यांची उत्तरे येत होती. हे सांगायला मी जळगावला जाणार होतो, पण त्या पावसाळ्यात नाना थोड्याशा तापाने गेले. त्यांचे पत्र यायचे थांबले तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मास्तरकीच्या त्या दोन वर्षांत आमची गाठ पत्रांतूनच पडे, म्हणून नानांचे शेवटचे दर्शन ते माघातले. नवा चौथा अध्याय मी पारावर वाचला. या वेळी बाया पण आल्या होत्या. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवले, एका ठिकाणी आपापसांतच भांडल्या. शेवटी सुकदेव आबा म्हणाले, "आते आमनं शे." नानांनी पान उलटे केले आणि सही केली. तारखेखाली मोडीत आणखी एक ओळ लिहिली: ऐकिले, बरोबर वाटले, पुढील साली पुन्हा विचारावे. सरांनी नंतर ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

सही खिशात घालून मी सकाळच्या गाडीने निघालो. नाना स्टेशनवर यायचे होते, पण आले नाहीत. गाडी नरडाण्याहून सुटली की थोड्याच वेळात रुळाला लागून शेते लागतात. तिथे शेवटची वेचणी चालली होती. बांधाच्या कडेला गोणपाटावर नाना बसलेले दिसले, टोपी मांडीवर, समोर दोन बाया. एकजण हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि नाना मान खाली घालून ऐकत होते. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हाक मारली. इंजिनाचा आवाज होता तरी ती त्यांच्यापर्यंत पोचली असावी, कारण दुसऱ्या बाईने वळून माझ्याकडे पाहिले. नानांनी पाहिले नाही. त्या बाईचे सांगणे अजून संपले नव्हते.